वही कुणाची?

इचलकरंजीत सुताच्या पेढ्यांच्या काचेवर एक कागद वर्षभर कुठे ना कुठे चिकटवलेला दिसतो : 'टॅली येणारी मुलगी पाहिजे. वेळ ११ ते ७.' हिशेबनीस पाहिजे, बी. कॉम. पाहिजे, असं कुणी लिहीत नाही. पोहायला येतं, स्वयंपाक येतो, तसं टॅली 'येतं'. हिशेबाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका खासगी कंपनीच्या मालाचं नाव माणसाच्या अंगच्या गुणाचं नाव होऊन बसलंय. फॉर्म भरताना 'शिक्षण' या रकान्यात 'बारावी, टॅली' असं लिहिलेलं मी कितीदा तरी वाचलंय आणि मलाही त्यात काही चुकलंय असं वाटलेलं नाही.

मी कर सल्लागार आहे. १९९४ साली एका वकिलांच्या हाताखाली विक्रीकराची कामं शिकायला लागलो, तेव्हा बाजारात वह्या होत्या. लांब, लाल कापडी बांधणीच्या, मधोमध घडी पडलेल्या. डाव्या अंगाला जमा, उजव्या अंगाला नावे. रोज संध्याकाळी दिवाणजी रोजकीर्द लिहून शिल्लक काढायचे, गल्ल्यातली रोकड मोजायचे, ती जुळली की पान उलटायचं. चुकलं तर खोडायची पद्धत ठरलेली होती. आकड्यावरून एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे अशी, वर बरोबर आकडा आणि शेजारी आपली सही. खोडरबर किंवा ब्लेड वहीजवळ दिसलं की आमचे वकीलसाहेब म्हणायचे, "ही वही अधिकाऱ्यासमोर न्यायची नाही." मग किर्दीवरून खतावणी, म्हणजे खातेवार वही, खतावणीवरून तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा मेळ, तेरीज जुळली की ताळेबंद. तेरीज दोन रुपयांनी चुकली म्हणून अख्खा रविवार गेलेला मला आठवतो.

त्यामुळे 'टॅली' हा शब्द पहिल्यांदा कानावर आला तेव्हा बाजारातल्या निम्म्या लोकांना तो आपल्या 'ताळा'चाच काही प्रकार वाटला. ताळा जमला का, म्हणजे टॅली झालं का. दोन्ही शब्दांचा गोत्रसंबंध काही नसेल, पण कानाने सोयरीक जुळवून टाकली. नाव ठेवणाऱ्याचं नशीब म्हणायचं.

या नावामागची गोष्ट बंगळूरची आहे, पण आमच्या गावाला परकी वाटू नये अशी. श्यामसुंदर गोएंका दक्षिणेतल्या आणि पूर्वेकडच्या कापडगिरण्यांना आणि कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवायचे. धंदा पसरला, हिशेब आवरेना, आणि बाजारात मिळणारी सॉफ्टवेअरं त्यांच्या हिशेबाच्या पद्धतीत बसेनात. मुलगा भरत गणिताचा पदवीधर. त्याने घरच्या धंद्यासाठी हिशेबाचा प्रोग्राम लिहिला. १९८६ साली बाप-लेकांनी त्याचीच कंपनी काढली. तिचं नाव प्यूट्रॉनिक्स, आणि मालाचं नाव 'प्यूट्रॉनिक्स फायनान्शियल अकाउंटंट'. हे नाव सांगत बसावं लागलं असतं तर तो माल दिवाणजींच्या टेबलापर्यंत कधी पोचलाच नसता. १९८८ मध्ये त्याचं टॅली झालं, आणि १९९९ मध्ये कंपनीनेच मालाचं नाव घेतलं : टॅली सोल्युशन्स. भरत गोएंका यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. व्यापाऱ्यांच्या वह्यांसाठी पद्मश्री मिळणं ही मला तरी फार योग्य गोष्ट वाटली होती.

त्या प्रोग्रामने नेमकं काय केलं ते सांगतो, कारण पुढचा सगळा वाद त्यातूनच निघतो. त्या काळातल्या हिशेबाच्या पॅकेजांत प्रत्येक खात्याला नंबर असायचा. संगणकवाला येऊन खाती पाडून जायचा आणि भिंतीवर यादी चिकटवायचा. या पार्टीचा हा कोड, भाड्याचा तो कोड. दिवाणजींना चार हजार नावं तोंडपाठ, पण कोड पाठ होईनात. टॅलीने कोड काढून टाकले. 'पा' टाइप केलं की 'पाटील अण्णा, वरचा मळा' समोर येतो, एंटर दाबायचा, झालं. माउसला हात लावायचा नाही. एफ फाइव्ह दिलेले पैसे, एफ सिक्स आलेले पैसे, एफ एट विक्री, एफ नाइन खरेदी. किर्द एकदा लिहिली की खतावणी, तेरीज, ताळेबंद आपोआप. माझा तो रविवार कायमचा परत मिळाला.

याच्या अगदी उलट वाटेने गेलेली कंपनी म्हणजे जर्मनीतली सॅप. आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी १९७२ मध्ये ती काढली आणि जगातल्या अवाढव्य कारखान्यांचा कारभार तिच्या सॉफ्टवेअरवर चालू लागला. तिथे सॉफ्टवेअर बसवायचं म्हणजे आधी आपली कामाची पद्धत त्याच्या साच्यात घालायची, सल्लागारांची फौज वर्षभर पोसायची. टॅलीने हे दुकानदाराला कधीच सांगितलं नाही. उलट दुकानदार जसा लिहितो, विसरतो, मागाहून आठवतो, तसंच लिहू दिलं. आणि मागाहून आठवणं हा आपल्या धंद्याचा मोठा भाग आहे, हे सांगायला कर सल्लागार कशाला पाहिजे? एफ टू दाबायचं, तारीख मागे न्यायची, राहिलेलं बिल घालायचं. नको असलेली नोंद उघडायची, ऑल्ट आणि डी दाबायचं, हो म्हणायचं. नोंद गेली. रेघ नाही, सही नाही, खाली वाचता येणारा आकडा नाही. ब्लेडने खरवडलं तर निदान कागद तरी पातळ व्हायचा.

मार्चअखेरीला आमच्या ऑफिसात किती ऑल्ट-डी झाले असतील याचा हिशेब मी देणार नाही. एवढंच सांगतो की टॅली घराघरांत गेलं त्यात नावाने खातं शोधण्याचा जेवढा वाटा होता, तेवढाच या विसराळूपणाचाही होता. प्रती फ्लॉपीवरून फ्लॉपीवर फिरत होत्या. परवाना म्हणजे काय हे अर्ध्या बाजाराला विक्रीकराच्या जागी व्हॅट येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

आणि क्लास. २००१ मध्ये कंपनीने शिकण्यासाठीचा परवाना आणला. ही शिकाऊ आवृत्ती फुकट चालते, फक्त तिच्यात नोंदी महिन्याच्या १, २ आणि ३१ या तारखांनाच घालता येतात. तालुक्याच्या गावातल्या एका खोलीत, सहा संगणकांवर, मुलींच्या पिढ्याच्या पिढ्या पहिल्या आणि दुसऱ्या तारखेला माल विकायला आणि एकतीस तारखेला पगार वाटायला शिकल्या. मला ही त्या कंपनीची सगळ्यात मोठी सामाजिक कमाई वाटते, कंपनीने ती त्या हेतूने केली असो वा नसो. पेढीवरच्या दिवाणजीच्या जागी बाहेरची बाई बसणं पूर्वी अशक्य होतं, कारण वही ही घरातली गोष्ट. टॅलीने हिशेबाचं काम वहीच्या भावकीतून सोडवलं. आज आमच्या बाजारात हिशेबाच्या खुर्चीवर बहुतेक ठिकाणी बाई बसलेली आहे. पगार फार नाही, हे खरं. पण अकरा ते सात ती पेढीचं सगळं पोट ओळखून असते आणि मालकही तिला विचारूनच चेक फाडतो.

मराठीचं मात्र काही झालं नाही. २००६ च्या टॅली नाइनपासून त्यात मराठी होती, आजही आहे. माझ्या ओळखीत ती लावणारा एकही नाही. जमा-नावेच्या जागी डेबिट-क्रेडिट क्लासमध्येच रुजतं, सीएसाहेबांना इंग्रजी लागतं, कर खात्यालाही इंग्रजी चालतं. तेरीज हा शब्द आता माझ्याबरोबरच जाईल. याबद्दल गळा काढावा असं मला वाटत नाही, कारण यात कंपनीचा दोष नाही. तिने दार उघडं ठेवलं, आपण आत गेलो नाही.

आता मुद्द्यावर येतो.

१ एप्रिल २००५ ला महाराष्ट्रात व्हॅट आला आणि खरेदीवर भरलेल्या कराचा सेट-ऑफ, म्हणजे वजावट, मिळवण्यासाठी प्रत्येक बिलाची नोंद पैशाची झाली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि पुढे दुसऱ्याने त्याच्या विवरणपत्रात तुमचं बिल दाखवलं की नाही यावर तुमची वजावट अवलंबून राहू लागली. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, सक्तीचं झालं. ती मर्यादा पायरी पायरीने उतरत १ ऑगस्ट २०२३ ला पाच कोटींवर आली. पाच कोटी हा आकडा बाहेरच्याला मोठा वाटतो. सुताच्या बाजारात तो वर्षभर राबणाऱ्या मध्यम व्यापाऱ्याची उलाढाल असते, नफा नव्हे. कागदोपत्री सॉफ्टवेअर घ्याच असं कायदा म्हणत नाही, सरकारी पोर्टलवर हातानेही बिल घालता येतं. दिवसाला चाळीस बिलं असलेल्या पेढीने ते करून दाखवावं. म्हणजे १९८६ मध्ये जी सोय होती, ती तीस-पस्तीस वर्षांत अट झाली. पाणीपट्टी भरायची तर नळ पाहिजे, तितकीच ही साधी अट.

अट घालणाऱ्या सरकारने मग काय पाहिलं? खोडाखोड. आणि ती पाहिली हे योग्यच केलं. जीएसटीच्या नियम ५६ च्या आठव्या उपनियमात आमच्या वकीलसाहेबांचाच धडा आहे. नोंद पुसायची नाही, त्यावर दुसरी लिहायची नाही, चूक असेल तर रेघ मारून साक्षांकित करायची. आणि वह्या संगणकावर असतील तर बदललेल्या आणि काढलेल्या प्रत्येक नोंदीचा माग ठेवायचा. हा नियम २०१७ पासून आहे. बाजारात विचारा, कुणी वाचलाय का. मग केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने मार्च २०२१ मध्ये नियम केला की कंपन्यांनी असंच सॉफ्टवेअर वापरावं ज्यात हा माग बंदच करता येणार नाही. दोनदा पुढे ढकलून १ एप्रिल २०२३ पासून तो लागू झाला. तोवर टॅलीने २०२२ मध्ये वेगळी एडिट लॉग आवृत्ती आणली होती. तेव्हापासून एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्या आहेत. एकीत बदलांचा माग ठेवायचा की नाही हे मालक ठरवतो, दुसरीत तो बटण शोधून थकतो. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर दुसरी घ्या, भागीदारी पेढी असाल तर पहिली चालते, असं आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो. नियम ५६ ची आठवण त्या वेळी कुणालाच येत नाही, मलाही नाही.

माझ्या व्यवसायातल्या पुष्कळांनी एडिट लॉगच्या नावाने बोटं मोडली. छोट्या कंपन्यांना जाच, ऑडिटरला उगाच काम, आणि प्रामाणिक चुकाही चोरीसारख्या दिसतात. शेवटचं थोडं खरं आहे. तरीही मी त्या बाजूला नाही. वहीने तीनशे वर्षं जे केलं तेच यंत्राला करायला सांगितलंय.

पण वही आणखी एक काम करत होती, आणि त्याकडे सरकारने ढुंकूनही पाहिलेलं नाही. वही मालकाची होती. दिवाणजी बदलला, वही छापणारा छापखाना बंद पडला, शाईचा कारखाना बुडाला, तरी वही माळ्यावर होती आणि उघडता येत होती. आज काय?

दोन वर्षांमागची गोष्ट. आमचा एक कापडवाला, जुना खर्चीवाला. दुसऱ्याच्या सुताचं कापड मजुरीवर विणता विणता स्वतःचं दुकान काढलेला. मोबाइलवर चालणारं एक बिलिंग ॲप त्याने घेतलं होतं. नाव सांगत नाही. महिन्याच्या भाड्याचं. दिसायला फार छान, बिल सरळ गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपवर. घरात आजारपण आलं, चार महिने दुकान बंद, भाडं थकलं. दुकान उघडलं तेव्हा ॲपही उघडलं, पण आत फक्त एक चौकट : प्लॅन संपला आहे. उधारीची यादी त्याच्या आत. सत्तर-ऐंशी जणांकडे पैसे अडकलेले, कुणाकडे किती हे त्याला अंदाजाने माहीत, आणि अंदाजाने कुणी पैसे देत नाही. फोन केला तर पलीकडची मुलगी अगदी गोड बोलली. "सर, आधी प्लॅन घ्या, मग डेटा दिसेल." एक महिन्याचा प्लॅन नव्हता, वर्षाचाच होता. त्याने वर्षाचे पैसे भरले, यादी एका फुलस्केप वहीत हाताने उतरवून घेतली आणि ॲप काढून टाकलं. ती उतरवायला माझ्याच ऑफिसात बसला होता, म्हणून मला सगळं माहीत. तिसऱ्या पानावर मान वर करून म्हणाला, "साहेब, माझीच उधारी वसूल करायला मी यांना पैसे देतोय."

या माणसाला कायदा काय सांगतो? जीएसटीखाली वह्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळ. कंपनी असती तर आठ वर्षं. सांभाळ म्हणजे अधिकारी मागेल तेव्हा दाखव. आणि ज्याच्याकडे त्या वह्या पडून आहेत त्या सॉफ्टवेअरवाल्याला कायदा काय सांगतो? थेट काहीच नाही; फार तर माग ठेवण्याची सोय दे, एवढंच. भाडं थकलेल्या माणसाला त्याच्या वह्या वाचू दे, किंवा बाहेर काढून दे, असं कुठेही नाही. व्यापाऱ्याच्या हातातल्या खोडरबरावर सरकारची नजर आहे, विक्रेत्याच्या हातातल्या कुलपावर नाही. २०१९ मध्ये जीएसटीचं पोर्टल चालवणाऱ्या जीएसटी नेटवर्कने दीड कोटीच्या आतल्या उलाढालीच्या व्यापाऱ्यांना काही कंपन्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर फुकट देऊ केलं होतं, तेव्हाही चर्चा झाली ती फुकट की विकत याचीच.

इथे टॅलीच्या बाबतीत न्यायाने बोललं पाहिजे. तिचा डेटा व्यापाऱ्याच्या स्वतःच्या डिस्कवर असतो. एकदा परवाना विकत घेतला की तो कायमचा. वार्षिक नूतनीकरण केलं नाही तर नव्या सुधारणा आणि ऑनलाइन सोयी थांबतात, वही थांबत नाही. अनेक वर्षं एका माणसापुरत्या परवान्याला १८,००० रुपये आणि वर कर पडायचा. व्यापारी कुरकुरायचे, पण एकदाच. बाहेर डेटा एक्सेलमध्ये, एक्सएमएलमध्ये काढता येतो. म्हणजे जुनी पिढी वहीच्या संस्काराला धरून राहिली, आणि भाड्याची नवी पिढी तो सोडून आली. नवीन ते सगळं वाईट असं मी म्हणत नाही. मोबाइलवर बिल करणं ही खर्चीवाल्यासाठी खरंच मोठी सोय आहे. पण बाजार कुठल्या दिशेने चाललाय हे दिसत असताना कायद्याने मागच्या बाकावर बसून राहणं बरोबर नाही.

टॅलीचीही एक पकड आहे, ती मात्र कुलपाची नाही, वस्तीची आहे. सीएकडे टॅली, म्हणून गिऱ्हाइकाकडे टॅली. गिऱ्हाइकाकडे टॅली, म्हणून क्लासमध्ये टॅली. क्लासमध्ये टॅली, म्हणून काचेवरच्या कागदावर टॅली. दुसरं काही वापरायचं म्हटलं तर मार्चमध्ये सीए विचारतो, "बॅकअप पाठवा." पेन ड्राइव्हवरची ती एक फाइल हीच आपल्या व्यापाराची सामायिक भाषा झाली आहे, आणि त्या भाषेचं व्याकरण एका कंपनीच्या हातात आहे. तिने त्याचा गैरफायदा घेतला असं मी म्हणत नाही. घेता येऊ नये एवढंच म्हणतो.

मुंबईतच याला एक उत्तर तयार झालंय, ते फार कमी मराठी व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. ऋषभ मेहता यांच्या फ्रॅपे या कंपनीने ईआरपीनेक्स्ट नावाचं सॉफ्टवेअर केलं. हिशेब, साठा, उत्पादन सगळं त्यात येतं. त्याची सुरुवातही घरच्या फर्निचरच्या धंद्यात अशी प्रणाली बसवताना आलेल्या कटकटीतून झाली. म्हणजे गोएंकांचीच गोष्ट वीस-बावीस वर्षांनी दुसऱ्या शहरात. फरक एवढा की याचा सगळा कोड खुला आहे. कुणीही उतरवून घ्यावा, आपल्या संगणकावर चालवावा, बदलावा. कंपनी उद्या नाही राहिली तरी वही राहील. मग प्रश्न सुटला का? नाही. ते बसवायला जाणकार लागतो आणि 'ईआरपीनेक्स्ट येणारी मुलगी' आमच्या गावात अजून मिळत नाही.

मला जास्त विचारात पाडणारं उदाहरण न्यूरेमबर्गचं आहे. १९६६ साली तिथल्या ६५ कर सल्लागारांनी एकत्र येऊन एक सहकारी संस्था काढली, डेटेव्ह. गिऱ्हाइकांच्या हिशेबासाठी संगणक लागणार, तो एकेकट्याला परवडणार नाही, तर संगणक आपला सगळ्यांचा असू दे. ती संस्था आज जर्मनीतल्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत मोजली जाते आणि अजूनही सहकारीच आहे. हे वाचल्यावर मला स्वतःची थोडी लाज वाटली. ज्या जिल्ह्यांत साखर सहकारी, दूध सहकारी, सूतगिरणी सहकारी, त्या जिल्ह्यांतल्या आम्हा कर सल्लागारांना तीस वर्षांत असं एकदाही सुचलं नाही. आम्ही क्रिकेटचे सामने भरवले. विकास सोसायट्यांचं संगणकीकरण झालं तेही वरून. २०२२ मध्ये केंद्राने देशातल्या ६३,००० प्राथमिक सोसायट्यांसाठी २,५१६ कोटींची योजना मंजूर केली, सॉफ्टवेअर नाबार्डच्या देखरेखीखाली. वाईट नाही. पण सोसायटीने स्वतःसाठी केलेलं नाही.

सहकारी सॉफ्टवेअर आता, साठ वर्षांनी, उभं राहील अशी मला आशा नाही. त्याहून लहान आणि शक्य अशी गोष्ट मागावी. हिशेबाच्या नोंदींचा एक ठरलेला, खुला साचा. ज्याला देशात वैधानिक वह्यांसाठी सॉफ्टवेअर विकायचं असेल, मग ते बंगळूरचं असो, जर्मनीचं असो की मोबाइलवरचं, त्याने मालकाला त्याच्या सगळ्या नोंदी त्या साच्यात, भाडं भरलेलं असो वा नसो, वह्या सांभाळण्याची मुदत संपेपर्यंत काढून दिल्या पाहिजेत. आणि दुसऱ्याचा तो साचा वाचता आला पाहिजे. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, तसं वही तीच ठेवून सॉफ्टवेअर बदलता यावं. यात आकाशातलं काही नाही. ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेने २००५ मध्ये असा साचा आखून दिला, पोर्तुगालने २००८ मध्ये तो सक्तीचा केला, नॉर्वेने २०२० मध्ये. आपल्याकडे ई-इन्व्हॉइससाठी सरकारने बिलाचा साचा ठरवून सगळ्या सॉफ्टवेअरवाल्यांकडून काही महिन्यांत पाळून घेतलाच की. एका बिलाचं जमतं तर खतावणीचं का जमू नये?

यावर बाजारातला पहिला आक्षेप काय येईल ते मला ठाऊक आहे, कारण मी एका बैठकीत हे बोललो तेव्हा तो आलाच. "म्हणजे साहेब, खात्याला आमची अख्खी खतावणी एका क्लिकवर." हा आक्षेप पोकळ नाही. पोर्तुगालमध्ये सुरुवात झाली ती तपासणीच्या वेळी द्यायची फाइल म्हणून, आणि २०१३ पासून बिलांची फाइल दर महिन्याला पाठवावी लागू लागली. मालकाला बाहेर पडण्यासाठी पाडलेल्या दारातून अधिकारी आत येऊ शकतो. साचा ठरवणं वेगळं आणि तो मागण्याचा अधिकार देणं वेगळं, हे कायद्यात स्पष्ट लिहावं लागेल, आणि लिहिलं तरी दहा वर्षांनी कुणी तरी ते बदलायला बघेल. हा धोका मी पत्करतो, तो एवढ्यासाठी की खात्याला आज काय कमी दिसतं? विक्री दिसते, खरेदी दिसते, मालाची गाडी कुठल्या नाक्यावर आहे तेही दिसतं. वही न दिसणारा यात एकच उरलाय, भाडं थकलेला मालक.

दुसरा आक्षेप सॉफ्टवेअरवाल्यांचा असेल : सक्तीने नवे प्रयोग मरतील. एडिट लॉगच्या वेळीही हेच म्हटलं होतं. नियम आल्यावर काही महिन्यांत सगळ्यांनी करून दिलं.

नवा कायदाही लागत नाही. नियम ५६ मध्ये 'माग ठेवावा' असं जिथे म्हटलंय, त्याच्या खाली एक उपनियम पुरे : अशा नोंदी विहित साच्यात, कोणतंही शुल्क बाकी असलं तरी, नोंदणीकृत व्यक्तीला मिळाल्या पाहिजेत. सॉफ्टवेअरवाल्यावर हे बंधन कसं टाकायचं ते कायदेतज्ज्ञ माझ्याहून चांगलं लिहितील. जीएसटी नेटवर्कच्या यंत्रणेशी जोडून घ्यायला प्रत्येक सॉफ्टवेअरवाला आतुर असतो. टॅलीसुद्धा २०१६ मध्ये व्यापाऱ्यांना त्या यंत्रणेशी जोडून देणाऱ्या सुविधा पुरवठादारांच्या यादीत होती. जोडून घ्यायचं तर ही अट, असं म्हटलं तरी काम होईल.

मागच्या महिन्यात आमच्या व्यापारी संघटनेचं दिल्लीला पाठवायचं निवेदन तयार होत होतं. सुतावरचा कर, कापडावरचा कर, परताव्याला लागणारा उशीर, अशी सात कलमं झाली होती. मी म्हटलं, आठवं घाला. वाचून दाखवलं. अध्यक्षांनी चष्मा वर केला, ऐकलं, आणि निवेदन टाइप करणाऱ्या मुलीकडे पाहिलं. "यांचं ते वहीचं पुढच्या खेपेला घेऊ," म्हणाले. मुलीने कीबोर्डवरून हात उचलला नव्हता. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "काका, एवढी ओळ तरी टाकू का खाली, सूचना म्हणून?"